विद्यापीठाचा माणूस "झोप लागते का" असं विचारतो... आपल्याकडे होईल का हे?

वऱ्हाडची_लेक

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बाहेर बर्फ आणि लेक शाळेत, म्हणून बसलेच. लांब होणार आहे, सांभाळून घ्या.

मी मूळची अमरावती जिल्ह्यातली. गेली नऊ वर्षं अमेरिकेत, आयोवा राज्यात, एका लहानशा गावात राहते. चारी बाजूंनी मका आणि सोयाबीन. पहिल्या वर्षी सोयाबीनचं उभं शेत बघून रडूच आलं होतं, बाबांच्या शेतात उभी आहे असं वाटलं.

इथे ९९ काउंट्या आहेत, काउंटी म्हणजे आपला मोठा तालुका धरा, आणि प्रत्येक काउंटीत आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीचं एक्स्टेन्शनचं काम चालतं. १९१४ चा कायदा आहे इथे, स्मिथ-लीव्हर म्हणतात त्याला, विद्यापीठातलं ज्ञान जे लोक कधी कॉलेजची पायरी चढणार नाहीत त्यांच्या दारापर्यंत न्यायचं असा. मी पहिल्यांदा गेले ती टोमॅटोच्या पानांवर काळे ठिपके पडले म्हणून, पिशवीत चार पानं घालून. काउंटरवरच्या बाईंनी पानं बघितली, कागद दिला, आणि मग सहज विचारलं की बाकी कसं चाललंय, नवीन गावात करमतं का, झोप लागते का. मला वाटलं बोलायचं म्हणून बोलतायत. नंतर कळलं की त्यांना हे विचारायचं ट्रेनिंग आहे.

मग हळूहळू बाकीचंही कळत गेलं. लेक बारा वर्षांचा, नुसती धुसफूस चालायची घरात, तर त्याच ऑफिसातून दहा ते चौदा वयाच्या मुलांचा आणि आईबापांचा सात आठवड्यांचा वर्ग कळला. कार्यक्रम आयोवा स्टेटनेच बसवलेला आहे, आता बऱ्याच देशांत चालतो म्हणे. दर आठवड्याला दोन तास, पहिला तास मुलं एका खोलीत आणि पालक दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या तासाला सगळे एकत्र. तिथे घरची बैठक कशी घ्यायची ते शिकवतात. आमच्या पहिल्या बैठकीत लेक म्हणाला, आई तू फोनवर आजीशी बोलतेस तेव्हा हसतेस, माझ्याशी बोलताना नाही. मी पोळ्या लाटत होते, लाटणं हातातच राहिलं.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यामुळे हा धागा काढतेय. गेल्या हिवाळ्यात मी आत्महत्येचा विचार करणारं माणूस कसं ओळखायचं आणि त्याच्याशी काय बोलायचं याचं दोन तासांचं ट्रेनिंग घेतलं. चर्चच्या तळघरात, फोल्डिंग खुर्च्यांवर. माझ्या एका बाजूला बियाणं विकणारा दुकानदार, दुसऱ्या बाजूला बँकेत शेतीकर्ज बघणारी मुलगी, पुढे एक जनावरांचे डॉक्टर. माणसांचे डॉक्टर-नर्स कुणीच नाहीत! शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या की सरळ विचारा, आडून आडून नको, विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात नव्याने शिरत नाही, उलट बहुतेकांना हायसं वाटतं की विचारलं बुवा कुणीतरी.

मला पुढचं ऐकू येईना. माझे मामा २००६ मध्ये गेले. कसे ते लिहीत नाही. पण शेवटच्या आठवड्यात ते सोसायटीत गेले होते, कृषी केंद्रावर तासभर बाकावर बसले होते, बैल विकायला बाजारात गेले होते, माझ्या आईला फोन करून "तू बरी आहेस ना" म्हणाले होते. नंतर सगळेच म्हणाले, हो, जरा गप्प गप्पच वाटत होते. चार-पाच जणांना दिसलं, विचारलं कुणीच नाही, आणि त्यांचाही काय दोष, काय विचारायचं हे सांगितलंच कुणी नव्हतं.

तर प्रश्न असा. आपल्याकडे चार कृषी विद्यापीठं, जिल्ह्याजिल्ह्यात कृषी विज्ञान केंद्रं, सगळ्या विद्यापीठांचं एनएसएस. माणसं गावात जातातच की. ती मनाचंही विचारतील असं करता येईल का? कुणी करतंय का? मला खरंच जाणून घ्यायचंय.

कृषीकन्या_२०१६

ताई, मामांचं वाचून थांबले जरा.

मी बीएस्सी अॅग्रीच्या शेवटच्या वर्षाला रावेमध्ये होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, या कार्यक्रमात अॅग्रीच्या पोरापोरींना खरिपात गावात राहायला पाठवतात, पेपरात फोटो येतो ना कृषीदूत कृषीकन्यांचा, ते. आम्ही सहा जणी होतो. बीजप्रक्रिया, माती नमुना कसा घ्यायचा, निंबोळी अर्क, गावाचा नकाशा रांगोळीने काढायचा, सगळं मनापासून केलं. ज्या काकूंचं घर मला नेमून दिलं होतं त्यांच्याकडे मी रोज जायचे. एक दिवस निंबोळ्या कुटता कुटता त्या म्हणाल्या, "पोरी, तुझे काका रात्रभर बाजेवर उठून बसतात, मी झोपल्याचं सोंग घेते." मी काय केलं माहितीये? मी म्हटलं, काकू, टेन्शन नका घेऊ, होईल सगळं ठीक. आणि पाण्याचं प्रमाण सांगितलं, पाच किलो निंबोळीला किती लिटर ते.

काका आहेत, ठीक आहेत, मी अजून दिवाळीला फोन करते. पण त्या दिवशी मला एक वाक्य जरी कुणी शिकवलेलं असतं ना. आमच्या रावेच्या वहीत पीक, खत, कीड, जनावरं, कर्ज, सगळ्याचे रकाने होते. माणूस झोपतो का याचा रकाना नव्हता.

बांधावरून

मोबाईलवरून टाइप करतो, चुका असतीन. ताई तुमचं मामाचं वाईट वाटलं. पण मले एक सांगा, सोयाबीनले भाव नाई, कापूस घरात पडून हाय, बँक नोटीस देते, अन् तुमचा विद्यापीठवाला येऊन विचारते झोप लागते का. नाई लागत बाप्पा! लागीन कशी? हे समुपदेशन समुपदेशन म्हणजे शेतकऱ्यालेच बिमार ठरवाचं काम वाटते मले. आमचं डोकं खराब नाई, आमचा हिशोब खराब हाय.

वऱ्हाडची_लेक

दादा, तुमचं म्हणणं अगदी मान्य, आणि म्हणूनच आयोवातलं हे सगळं सुरू कसं झालं ते सांगते.

१९८० च्या दशकात इथे शेतीवर मोठं संकट आलं. आधी सगळ्यांनी महाग जमिनी कर्जावर घेतल्या, मग व्याजदर चढले आणि जमिनीचे भाव कोसळले. आयोवात १९८१ ला सरासरी एकरी २,१४७ डॉलर असलेली जमीन १९८६ ला ७८७ वर आली. म्हणजे कर्ज तेवढंच आणि तारण एक तृतीयांश. लिलाव, बंद पडलेल्या बँका, आत्महत्या. तेव्हा १९८५ मध्ये विद्यापीठाच्या एक्स्टेन्शनने फोनलाइन सुरू केली, ती आजही चालू आहे, चोवीस तास, फुकट. आणि त्या लाइनवर मन हलकं करणारा समुपदेशक आहे तसा कायद्याची माहिती देणारा वकीलही जोडलेला आहे. माणूस रडत फोन करतो आणि विचारतो की बँक माझं ट्रॅक्टर नेऊ शकते का. त्याला दोन्हीची गरज असते. १९८६ ला कायदा झाला की शेतजमीन जप्त करण्याआधी कर्ज देणाऱ्या बँकेने मध्यस्थासमोर शेतकऱ्याबरोबर बसलंच पाहिजे.

म्हणजे हिशोब आणि डोकं एकाच टेबलावर. नुसतं "सकारात्मक विचार करा" म्हणणाऱ्यांचा मलाही तितकाच राग येतो.

बांधावरून

हे असं असीन तं ऐकतो मी. वकील पाह्यजेच.

निवृत्त_विस्तारक

धागाकर्तीला धन्यवाद. मी विस्तार शिक्षण विभागात एकतीस वर्षं काढली, त्यामुळे राहवत नाही.

तुम्ही ज्याला एक्स्टेन्शन म्हणता त्याच मुशीतून आपली कृषी विद्यापीठं निघाली हे पुष्कळांना ठाऊक नसतं. अमेरिकेतल्या लँड ग्रँट, म्हणजे सरकारी जमिनीच्या देणगीवर उभ्या राहिलेल्या, विद्यापीठांचा नमुना समोर ठेवून १९६० ला पंतनगर झालं, मग आपल्याकडे राहुरी १९६८, अकोला १९६९, परभणी आणि दापोली १९७२. पहिलं कृषी विज्ञान केंद्र १९७४ ला पुदुच्चेरीत. शिक्षण, संशोधन आणि विस्तार या तीन पायांवर विद्यापीठ उभं, हे आम्ही पहिल्याच तासाला शिकवायचो. पण तिकडच्या विस्तारात शेताच्या बरोबरीने कुटुंब होतं, घर चालवणं, मुलं, आरोग्य. आपल्याकडे ती बाजू गृहविज्ञानाकडे गेली, परभणीला ते महाविद्यालय आहेच आणि बालविकास, कुटुंब यावर त्यांचं काम आहे, पण विस्तार म्हटलं की मुख्य गाडी वाण, खत आणि फवारणी यावरच धावली. मी स्वतः हजारो शेतकऱ्यांशी बोललो असेन. उत्पादन विचारलं, लागवडीचं अंतर विचारलं. ताईंनी लिहिलेला प्रश्न मी एकतीस वर्षांत एकदाही विचारला नाही. हे लिहिताना वाईट वाटतंय.

कृषीकन्या, तुझा वहीतल्या रकान्याचा मुद्दा फार मोलाचा आहे.

आशाताईची_मुलगी

माझी आई आशा आहे, यवतमाळकडची. शासनाचा प्रेरणा प्रकल्प २०१५ पासून आहे ना १४ जिल्ह्यांत, त्यात आशांनी घरोघर जाऊन प्रश्नावली भरायची, कोण तणावात आहे ते बघायचं आणि पुढे दवाखान्यात कळवायचं. आई जायची. पण एका हातात लसीकरणाची यादी, दुसऱ्या हातात गरोदर बायांची नोंद, त्यात हे, आणि मानधन काय मिळतं ते सगळ्यांना माहितीये. तरी ती म्हणते की प्रश्नावली काढली की माणूस गप्प होतो, म्हणून ती कागद पिशवीतच ठेवते, चुलीपाशी बसते, भाजी निवडायला घेते आणि मग विचारते. घरी आल्यावर कागद भरते.

माझं म्हणणं एवढंच की विद्यापीठाने काही करायचं तर माणसं द्यावीत, आणखी एक फॉर्म आईच्या पिशवीत टाकू नये, प्लीज.

फिल्डवर्कवाली

आशाताईची_मुलगी, +१०० तुझ्या आईला.

मी पुण्यात एमएसडब्ल्यू करतेय. कुणी करतंय का असं विचारलंत म्हणून सांगते, बरंच होतंय पण विखुरलेलं. मुंबईच्या टिसची, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसची, आयकॉल ही फोनवर आणि ईमेलवर समुपदेशन देणारी सेवा २०१२ पासून आहे, विद्यापीठानेच चालवलेली, मराठीत बोलता येतं. केंद्र सरकारची टेली मानस ही मानसिक आरोग्याची फोनलाइन आहे, नंबर १४४१६, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, तिच्या मागे बंगळुरूची निमहान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था आहे. तुमच्याच अमरावती जिल्ह्यात ३० गावांत विश्राम नावाचा प्रकल्प झाला होता, त्यात गावातल्याच लोकांना शिकवून घरोघर आणि छोट्या बैठकांतून काम केलं. दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी मदत घ्यायला कुणाकडे तरी गेलेल्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. २०१७ ला लॅन्सेट सायकिअॅट्री या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय. आणि नाशिकच्या पेठ तालुक्यात आत्मीयता म्हणून काम झालं, पुण्यातल्या संस्थेचं, गावात ज्याच्याकडे लोक आपसूक बोलायला जातात त्यालाच शोधून ट्रेनिंग द्यायचं अशी कल्पना. पुढे ते गुजरातेत मोठं झालं.

पण सगळ्यात अडचण काय तर प्रकल्प संपतो. पैसे संपले की माणसं जातात. कृषी विद्यापीठ कुठे जात नाही, म्हणून मला धाग्यातली कल्पना पटली.

अजून एक, थोडं रागाने लिहितेय. आमच्या आधीच्या कॉलेजात समुपदेशन कक्ष होता, दारावर चांगली पाटी, आत जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. कुलपाची चावी शिपाईकाकांकडे. तपासणीच्या दिवशी उघडायचे आणि फुलदाणी ठेवायचे. माझी मैत्रीण त्या वर्षी त्या दारापर्यंत जाऊन दोनदा परत आली होती, मला खूप नंतर सांगितलं तिने.

हरारेहून_परत

वाचतोय पहिल्यापासून, चांगला धागा. मी कामानिमित्त झिम्बाब्वेत हरारेला पाच वर्षं होतो, तिथलं एक सांगतो.

तिथे सरकारी दवाखान्याच्या आवारात झाडाखाली साधा लाकडी बाक असतो आणि त्यावर एक आजी बसलेली असते. फ्रेंडशिप बेंच म्हणतात. डिक्सन चिबांडा म्हणून मानसोपचारतज्ज्ञ, झिम्बाब्वे विद्यापीठातले, त्यांनी २००६ मध्ये सुरू केलं, कारण पूर्ण देशात मानसोपचारतज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके आणि दवाखान्याकडे दुसरी माणसं नव्हती, आज्या तेवढ्या होत्या, आरोग्याचं काम करणाऱ्या. त्यांनाच शिकवलं. २०१६ मध्ये त्याची रीतसर चाचणी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये आली, २४ दवाखाने होते, नेहमीच्या उपचारांपेक्षा बाकावरच्या लोकांना जास्त बरं वाटलेलं दिसलं.

मला भावलं ते हे की त्यांनी डिप्रेशन हा शब्दच वापरला नाही. शोना भाषेत कुफुंगिसिसा असा शब्द आहे, अर्थ फार विचार करणं. माझी आजी म्हणायची "लई इच्चार करती गं ती, खंगून जाईल". तोच शब्द! आजी आधी ऐकते, मग विचारते की या सगळ्यातला एकच प्रश्न उचलायचा तर कुठला, आणि त्यावर पुढच्या आठवड्यापर्यंत काय करता येईल. भाडं थकलंय तर मालकाशी कोण बोलेल. म्हणजे बांधावरून दादांचा हिशोबाचा मुद्दा तिथेही आहेच.

निवृत्त_विस्तारक

शब्दांचं फार बरोबर बोललात. आपल्याकडे कुणी येऊन "मला नैराश्य आहे" म्हणत नाही. जीव लागत नाही, डोकं भणभणतं, छातीत धडधडतं, हातपाय गळाल्यासारखे होतात. हे ऐकून आम्ही लोक बीपी तपासा म्हणायचो.

रात्रभर विचार केला आणि दोन जागा सुचतात. एक रावे. गावात पाठवण्याआधी मुलांचं उद्बोधन होतं, त्यात दोन तास मागता येतील, आणि वहीत एक पान. दुसरी जागा जास्त महत्त्वाची वाटते. कृषी केंद्रवाल्यांचा एक वर्षाचा डिप्लोमा असतो, देसी म्हणतात, हैदराबादच्या मॅनेज या कृषी विस्ताराच्या राष्ट्रीय संस्थेने २००३ ला काढलेला, बऱ्याच ठिकाणी वर्ग कृषी विज्ञान केंद्रातच भरतात. खत-औषधं विकणारी माणसं वर्षभर आठवड्याला एक दिवस आपल्यासमोर बसतात. ताईंचे मामा ज्या बाकावर तासभर बसले होते, तो बाक याच माणसांच्या दुकानाबाहेर असतो.

वऱ्हाडची_लेक

सर, शेवटचं वाक्य तीनदा वाचलं.

इथेही तेच म्हणतात, डॉक्टरपर्यंत जाईल तेव्हा जाईल, पण बियाणेवाला, बँकवाला, व्हेट हे त्याला दर महिन्याला भेटतात. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीचं तर खास अशा धंदेवाल्यांसाठीच ट्रेनिंग आहे, अडचणीतल्या शेतकऱ्याशी कसं बोलायचं त्याचं.

मी माझ्या ट्रेनिंगच्या नोट्स मराठीत करून देऊ शकते. पण अडलेय एका ठिकाणी. इंग्रजीत तो प्रश्न सरळ विचारतात. मराठीत "तुमच्या मनात आत्महत्येचे विचार येतात का" असं लिहिलं आणि मोठ्याने वाचलं तर टीव्हीवरची बातमी वाटते. मामांच्या शेजारी बसून मी हे वाक्य म्हणू शकले नसते. वऱ्हाडीत कसं विचाराल?

कृषीकन्या_२०१६

"जीव नकोसा झालाय का" कसं वाटतं?

फिल्डवर्कवाली

ते जवळचं आहे, पण आम्हाला सांगितलंय की सुरुवात तिथून करा आणि पुढे स्पष्ट विचारा. जीव नकोसा झालाय म्हणणारा माणूस वैतागून पण म्हणतो.

आशाताईची_मुलगी

आईला विचारलं आत्ता. ती म्हणते समोर बसून डोळ्यात बघून विचारायचं नाही, बाजूला बसायचं, हाताला काम पाहिजे. आणि पोरंबाळं आसपास नकोत.

बांधावरून

दोन दिवस झाले हा धागा वाचून राह्यलो, लिहू का नको. गेल्या साली दिवाळीच्या टाइमाले माझंच तसं होतं. माझा चुलतभाऊ आला होता, धुऱ्यावर बसलो होतो दोघं, तो दोरी वळत होता. त्यानं इचारलं, "दादा, जीव द्याचा इचार येते का मनात?" असंच, सरळ. मी हो म्हटलं. तो काही बोलला नाई, दोरी बाजूले ठेवली अन् बसून राह्यला. संध्याकाळी घरातलं फवारणीचं सगळं औषध त्यानं आपल्या गाडीवर टाकून नेलं, बायकोले माह्या समजावून सांगतलं, आठ दिवस रोज रात्री ओसरीत झोपाले आला. मंग जिल्ह्याच्या दवाखान्यात घेऊन गेला, गोळ्या चालू हाय. सोसायटीच्या कर्जाचं बी त्यानंच सचिवासंगं बसून पुनर्गठन केलं.

वरती मी जे लिहिलं होतं हिशोब खराब हाय म्हणून, ते खरंच हाय. हे बी खरं हाय.

तं ताई तुमी हेच वाक्य लिवा. त्याले कोनी शिकवलं नव्हतं.

वऱ्हाडची_लेक

दादा. लिहिलंत, फार फार आभार. तुमच्या भावाला माझा नमस्कार सांगा. वाक्य जसंच्या तसं घेते.

नोट्समध्ये पुढचं पान "हो म्हटलं तर" असं आहे. तिथे एकट्याला सोडू नका, औषध घरातून हलवा, घरच्या एका माणसाला सांगा, १४४१६ लावा, दवाखान्यात स्वतः सोबत जा, असं लिहिलं होतं. तुमच्या भावाने त्यातलं जवळजवळ सगळं केलंय. मी "रात्री ओसरीत झोपायला या" हे त्यात घालते आणि "कर्जाच्या कागदाला सोबत बसा" हेही.

निवृत्त_विस्तारक

नोट्स झाल्या की मला पाठवा, इथल्या मानसोपचारतज्ज्ञ मित्राकडून तपासून घेतो. आमच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या जुन्या सहकाऱ्याशी काल बोललो. देसीचा चालू वर्ग रविवारी असतो, चाळीसेक दुकानदार. तो म्हणाला, सर, एक तास देतो, पण तुम्ही स्वतः या. मी जाणार आहे. बांधावरून, तुम्ही कुठल्या तालुक्यातले ते इथे सांगू नका, पण जवळ असाल आणि तुमचे भाऊ यायला तयार असतील तर मला व्यनि (खासगी निरोप) करा. बोलायचा आग्रह नाही, नुसते बसले तरी चालेल.

बांधावरून

इचारतो त्याले. कापूस वेचणं चालू हाय, पण रविवारी येणं होईन.